झाकणाच्या आतले पोपडे

प्रश्न : काकू, नमस्कार. गेल्या ऑक्टोबरात आम्ही नेपरव्हिलला घर घेतलं. आधीचे मालक वयस्कर होते. जाताना ते गराजच्या मागे एक लाल केटल ग्रिल, म्हणजे गोल टोप आणि वर झाकण असलेली कोळशाची शेगडी, तसंच सोडून गेले आणि हिवाळाभर ते बर्फाखाली राहिलं. आता बाहेर ओढलंय, तर एक पाय निखळून हातात येतो, एक चाक फिरत नाही, बुडाला हवेच्या तीन वेगवेगळ्या झडपा आहेत त्यातल्या दोन जाम, आणि झाकणाची लाकडी मूठ चिरलेली. सगळ्यात वाईट म्हणजे झाकणाच्या आतून काळ्या रंगाचे मोठमोठे पोपडे सुटतायत. तो रंग जेवणात पडला तर? मित्र म्हणतो, दोनशे डॉलरला नवं येतं, फेकून दे. बायकोचंही तेच मत. पण जूनमध्ये बाबा जळगावहून येतायत. जन्मभर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत खाल्लेला माणूस. त्यांना इथे गॅसवरचं भरीत वाढायचं माझ्या जिवावर येतं. हे ग्रिल वाचेल का? आणि वाचणार असेल तर आतून कुठला रंग मारू?
— एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : वाचेल असं तुमच्या पत्रावरून तरी वाटतंय. पक्कं कसं ठरवायचं ते पुढे सांगते. पण आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यात चूक झाली तर ती निस्तरता येत नाही. आतून रंग मारू नका. कुठलाही नाही. डब्यावर 'हाय हीट' लिहिलेला असला तरी नाही.

कारण जे सुटतंय तो रंग नाहीच. तुमच्या आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षं त्यात जे भाजलं, त्याची चरबी निखाऱ्यांवर ठिबकली, तिचा धूर झाला, तो धूर झाकणाला आतून चिकटला आणि पुढच्या वेळच्या आचेत भाजून कडक झाला. लोखंडी कढईला बाहेरून पुटं चढतात ना, तसंच. पुटावर पूट चढत जातं, जाड होतं, आणि मग थंडीत झाकणाचा पत्रा आकसला की सुटायला लागतं. दिसतं अगदी भिंतीच्या रंगाच्या पोपड्यासारखं, म्हणून सगळेच फसतात. एक पोपडा घ्या आणि बोटांत चुरडा. काजळीसारखी भुकटी झाली, बोटं काळी झाली, तर तो कोळसाच आहे. चुरडला जात नसेल आणि काचेच्या टिकलीसारखा टोचत असेल, तर मात्र ते इनॅमल. तुमच्याकडे पहिलाच प्रकार असणार याची मला जवळजवळ खात्री आहे.

ही खात्री कुठून आली ते सांगते. मी एकोणतीस वर्षं शिकागोजवळच्या एका कारखान्यात इनॅमलच्या भट्टीपाशी तपासणीचं काम केलं. ओव्हनच्या आतले पत्रे आमच्याकडे यायचे. इनॅमल म्हणजे काच. आजोळी पांढरी, निळ्या काठाची ताटं आणि पेले असायचे आठवतात? तीच जात. काचेची भुकटी माती-पाण्यात कालवून पोलादी पत्र्यावर फवारतात आणि आठशे अंश सेल्सिअसच्या वर भट्टीत भाजतात. काच वितळते आणि पत्र्याला घट्ट धरते. पहिल्या थरात कोबाल्ट असतं, त्याच्यामुळे ही पकड येते. म्हणून त्या ताटाचा टवका उडाला की खाली काळपट निळं दिसायचं. जी वस्तू आठशे अंशांत जन्मली, तिला तुमच्या भरिताच्या आचेनं काय होणार? रंग मात्र त्या काचेवर धड बसत नाही. तो खरंच सुटेल आणि खरंच जेवणात पडेल.

आता वाचणार की नाही, त्याची परीक्षा. रात्री गराजचा दिवा घालवा. टोपात चांगला उजेडाचा टॉर्च पेटवून ठेवा, वर झाकण घाला, झाकणावरची झडप बंद करा आणि भोवती फिरून बघा. झडपांच्या आणि कडेच्या फटीतून उजेड येणारच, तो सोडून द्या. पण टोपाच्या अंगावर कुठे चांदणीसारखा ठिपका चमकला, तर तिथे पत्रा गंजून आरपार गेलाय. एखाद-दुसरी चांदणी चालते. पाय ज्या खोबणींत बसतात त्यांच्याभोवती चांदण्या दिसल्या, तर मात्र मन घट्ट करा. खोबणी टोपाला वेल्ड केलेल्या असतात. तिथला पत्रा गेला की निखाऱ्यांनी भरलेला टोप एक दिवस पायांवरून खाली येईल, आणि जूनमध्ये त्याच्याजवळ तुमचे बाबा उभे असतील. त्या एका दोषासाठी मी ग्रिल भंगारात द्यायला सांगते, बाकी कशासाठी नाही.

दुसरी परीक्षा सकाळी करा. झाकण मुठीनं उचलून धरा आणि बोटाच्या पेरानं वाजवा, बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. ठण् असा लांबत जाणारा आवाज आला पाहिजे. एखाद्या जागी बद्द वाजलं, तर त्या जागी काचेखाली गंज पसरलाय किंवा काच सुटलीय. तिथे पुढे खरवडताना हात हलका ठेवा.

साफसफाईला एक अख्खा शनिवार काढा. टोपाच्या तळाशी साठलेला चिकट मऊ थर आधी प्लॅस्टिकच्या उलथन्यानं काढून टाका. बरेच जण पहिल्यांदा मोठा जाळ करून सगळं जाळून टाकायला जातात. तळाला चरबी असताना तसं केलंत तर तिनंच पेट घेतला म्हणून समजा. चरबी निघाली की मग हवं तर एक चिमणीभर (चिमणी म्हणजे कोळसे पेटवायचं पत्र्याचं उभं नळकांडं) कोळसे पेटवून, झाकण लावून, ज्या झडपा उघडतात त्या उघड्या ठेवून अर्धा-पाऊण तास तापू द्या. पोपडे आपोआप सैल होतात. पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या झाकणावर गार पाणी ओतलंत तर काच तडकते, चहाच्या पेल्यासारखीच.

गार झालं की ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून आतून घासा. पोपडे पडतील, त्याखालचं कडक पूट राहील. त्यावर भांडी घासायचा साबण आणि कढत पाणी घालून तासभर भिजवा आणि मग साधं पातं घ्या, खिडकीच्या काचेवरचा रंग खरवडायला वापरतात ते. पातं जवळजवळ आडवं धरायचं. काच कडक आणि गुळगुळीत असते, त्यामुळे आडव्या पात्यानं तिला सहसा ओरखडा जात नाही. पात्याचं टोक रोवलंत तरच इजा. सुरुवातीला खर्र खर्र आवाज येतो, मग पात्यापुढे काळी गुंडाळी जमायला लागते आणि आवाज एकदम बंद होतो. पातं सरकतंय पण ऐकू येत नाही. तिथे बोट फिरवून बघा, जांभळाच्या सालीसारखं गुळगुळीत आणि चमकदार लागेल. मी कितीतरी ग्रिल्स साफ केलीत, पण तो आवाज थांबतो तो क्षण मला अजून तितकाच आवडतो. सगळं झाकण तसं चकचकीत करायची मात्र गरज नाही. जे पूट घट्ट बसलंय ते राहू द्या. ते कुणाचं काही बिघडवत नाही.

बाहेरून तुमचं ग्रिल लाल आहे, म्हणून एक वेगळी सूचना. भडक लाल इनॅमलचा रंग परंपरेनं कॅडमियमच्या संयुगांतून येतो. काचेत बंद आहे तोवर काही धोका नाही. पण पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावून त्याचा भुगा उडवू नका. साबण, मऊ फडकं, फार तर अगदी बारीक स्टील वूल, तेही ओलं करून. तारेचा ब्रश मी आतल्या जाळीलासुद्धा लावत नाही. त्याची सुटलेली तार घासात जाऊन घशात, पोटात टोचल्याच्या घटना अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्या आहेत.

ओव्हन क्लीनर वापरू का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. माझ्या पहिल्या ग्रिलची गोष्ट सांगते. 1994 साली एका गराज सेलमध्ये मी ते पाच डॉलरला घेतलं. काळं होतं, लाकडी मुठीचं. ओव्हनच्या इनॅमलवर कॉस्टिक सोड्याचा काही परिणाम होत नाही हे मी रोज कामावर बघत होते, म्हणून निर्धास्तपणे सगळ्या ग्रिलवर क्लीनर फवारला, कचऱ्याच्या पिशवीत बांधलं आणि रात्रभर ठेवून दिलं. सकाळी इनॅमल आरशासारखं निघालं. पण पाय, राखेची थाळी आणि झडपांच्या चकत्या ॲल्युमिनियमच्या होत्या. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं. सगळं काळं पडलं होतं आणि अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. झाकणाच्या चकतीवर बऱ्याचदा कारखान्यात ठोकलेलं अक्षर असतं, त्यावरून ते कुठल्या सालचं ते काढता येतं. माझ्या चकतीवरचं अक्षर त्या रात्रीत पुसलं गेलं. ते ग्रिल माझ्याकडे अजून आहे, त्यावर मुलींच्या लग्नांआधीची केळवणं झाली, पण त्याचं वय मला कधीच कळलं नाही. त्याची मला अजून हळहळ वाटते. म्हणून तुम्ही आधी तुमच्या चकतीवरची काजळी ओल्या फडक्यानं पुसा, अक्षर दिसतंय का बघा, त्याचा फोटो काढून ठेवा. क्लीनर लावायचाच असेल तर पाय, थाळी आणि मूठ काढून बाजूला ठेवा, झडपांवर लावू नका, हातमोजे आणि चष्मा घाला, आणि अर्ध्या तासात भरपूर पाण्यानं धुऊन टाका. त्यानंतरचा पहिला जाळ रिकामा करायचा, अर्धा तास. खाणं त्यानंतर.

आता झडपा. त्यांच्यासाठी मी जरा जास्त जागा घेणार आहे, कारण या ग्रिलचा सगळा जीव त्यांच्यात आहे.

तुम्ही ज्या नेपरव्हिलमध्ये राहता तिथून हे यंत्र जन्मलं ते ठिकाण गाडीनं फार लांब नाही. 1952 साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करायचे. त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांसाठी पत्र्याचे अर्धगोल बनायचे. तेव्हाची ग्रिल्स उघडी, सपाट. वारा आला की राख जेवणावर आणि पाऊस आला की सगळं आटोपलं. स्टीफन यांनी बोयाचा एक अर्धगोल खाली घेतला, दुसरा झाकण म्हणून वर ठेवला, पाय लावले. सांगतात की पहिल्यांदा झाकण घातलं तेव्हा आग विझायला लागली, आणि एका शेजाऱ्यानं सुचवलं की बाबा, त्याला थोडी हवा दे. मग भोकं पाडली गेली. त्या भोकांची पुढे झडप झाली. खालची झडप हवा आत घेते, वरची धूर बाहेर सोडते. दोन्ही उघड्या तर आच तेज, अर्ध्या तर मंद, बंद तर निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळेला वापरता येतो. गावाकडे शेगडीच्या तोंडाशी पत्रा सरकवून आच कमी-जास्त करायचे, ते तत्त्व हेच. झडप जाम असलेलं केटल ग्रिल म्हणजे नुसता पत्र्याचा गोळा.

बुडाला तीन वेगवेगळ्या झडपा आहेत यावरून तुमचं ग्रिल जुन्या धर्तीचं दिसतंय; पुढे एकाच दांड्यानं तिन्ही भोकं उघडणारी आणि राख खाली लोटणारी पाती आली. जुन्या चकत्या ॲल्युमिनियमच्या, मध्ये एका रिवेटवर फिरणाऱ्या. जाम का होतात? राख ओली झाली की तिचा खार होतो. आजी राखेच्या पाण्यानं भांडी घासायची तोच खार, आणि तो ॲल्युमिनियमला हळूहळू खातो. चकतीच्या कडेला पांढरी भुकटी दिसेल, ती त्याचीच. पक्कडीनं पिरगाळू नका, कान तुटतो आणि मग धरायलाच काही उरत नाही. पांढऱ्या भुकटीवर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पुसा, मग गंज सोडवायच्या तेलाचे चार थेंब रिवेटपाशी सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी लाकडाचा तुकडा कडेला टेकवून हलक्या हातोडीनं दोन्ही दिशांना आळीपाळीनं टिचक्या मारा. केसाएवढी हलली तरी पुरे, पुढे तेल आणि धीर. अजिबातच हलली नाही तर रिवेट ड्रिलनं काढा आणि त्या जागी स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणि न सुटणारा नट घाला. जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट नको, तो फार तापला तर जस्ताचा धूर निघू शकतो. आणि बोल्ट आवळताना बोटानं घट्ट होईल तेवढाच, वर पान्यानं पाव वळसा. काचेच्या भोकाभोवती जोर पडला की चांदणीसारखी फुटते. आमच्या कारखान्यात परत येणाऱ्या मालाच्या अर्ध्या अधिक तक्रारी स्क्रूच्या भोकांच्या असायच्या, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कुणीतरी मायेनं जरा जास्तच आवळलेलं असायचं.

पाय सोपा आहे. खोबणीतला गंज गोल गुंडाळलेल्या पॉलिश पेपरनं काढा, सोड्याच्या रिकाम्या कॅनची दोन बोटं रुंद पट्टी कापा, पायाच्या टोकाला गुंडाळा आणि दाबून बसवा. चाकाच्या दांड्यावरचा गंज काढून तेल द्या. खालची, कोळशाची जाळी बाक आलेली असेल तर नवी घ्या. वरची, खाण्याची जाळी व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर बुडवून बघा आणि तिचा मुलामा सुटत असेल तर तीही नवीच घ्या. टोपाचा आडवा व्यास मोजून जा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

मूठ मात्र बदलू नका. चिरलेली असली तरी आतून मजबूत असेल तर तीच ठेवा. काढून घ्या, बारीक पॉलिश पेपरनं धाग्याच्या दिशेनं घासा, चीर लाकडाच्या गोंदानं भरून एक दिवस दोऱ्यानं करकचून बांधून ठेवा. नंतर जवसाचं तेल द्या, इथे 'बॉइल्ड लिन्सीड' म्हणून डबा मिळतो. पातळ हात द्यायचा, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन हातांत लाकडाला असा रंग चढतो की ते इतकी वर्षं उन्हात करपत होतं हे खरं वाटत नाही.

आणि ती तेलाची फडकी. हे वाचून विसरू नका. जवसाचं तेल सुकताना हवेशी संयोग होऊन उष्णता निघते. फडकी चुरगाळून ढीग केला की ती आत कोंडते आणि फडकी आपोआप पेटतात, काडी न लावता. आमच्या शेजारच्या घरात डेकला तेल देऊन झाल्यावर फडकी गराजमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली होती. रात्री अकरा वाजता मी कुत्र्याला फिरवायला निघाले तेव्हा दाराखालून धूर येत होता. नुसतं खोकं आणि एक सायकल गेली, कारण वेळेवर दिसलं. तुमची फडकी बाहेर काँक्रीटवर एकेक पसरून वाळू द्या, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

बाहेर टवके उडालेले असतील तिथे गंज पुसून फक्त बाहेरून, तेवढ्या ठिपक्यापुरता, जास्त उष्णता सोसणारा रंग ब्रशनं लावलात तर चालेल. लाल छटा जुळणार नाही. नाही जुळली तरी राहू द्या.

आता बाबांचं भरीत. खानदेशातली ती हिरवी, लांबट, पांढुरक्या रेघांची भरिताची वांगी इथे मिळणं कठीण. मोठी जांभळी घ्या, पण हातात उचलून बघून. आकाराच्या मानानं हलकं असेल ते घ्या, जड वांग्यात बिया फार. सुरीच्या टोकानं दोन-तीन ठिकाणी टोचा, तेलाचं बोट फिरवा. चिमणी स्टार्टरमध्ये कोळसे भरून खाली कागद पेटवा. पेट्रोलसारखा वास येणारं ते लायटर फ्लुइड नको, वांगं तो वास धरून ठेवतं. कोळशांवर करडी राख आली, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी, टोपात ओता, जाळी ठेवा आणि वांगी थेट निखाऱ्यांवर येतील अशी मांडा. खालच्या तिन्ही झडपा पूर्ण उघड्या. झाकण घाला, पाच-सहा मिनिटांनी चिमट्यानं वळवा, असं वीस-पंचवीस मिनिटं.

पऱ्हाट्यांचा जाळ वेगळा असतो हे बाबा तुम्हाला सांगतीलच. तो निखारा नसतो, भडका असतो. साल क्षणात करपते आणि धूर गरात उतरतो. म्हणून शेवटच्या चार-पाच मिनिटांत झाकण काढा, निखाऱ्यांवर सफरचंदाच्या किंवा हिकरीच्या वाळक्या काड्यांची मूठभर जुडी टाका आणि भडक्यात वांगी फिरवून घ्या. जुन्या फर्निचरचं, रंगवलेलं किंवा कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड चुकूनही नको. त्याच जाळात हिरव्या मिरच्याही भाजा. मग वांगी झाकणाच्या पातेल्यात दहा मिनिटं घाम येईपर्यंत ठेवा, सोला, आणि मिरची-लसूण ठेचून त्यात गर घोटा. बडगी नसेल तर लाकडी रवीच्या बुंध्यानं. मिक्सर नको. कांद्याची पात, शेंगदाणे, वरून फोडणी. भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ बाबांना आणायला सांगा.

आणि त्या दिवशी चिमटा त्यांच्या हातात द्या.

प्रश्न : ताई, आम्ही एडिसनला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. बाल्कनी लाकडी आहे. मैत्रिणीनं तिचं जुनं छोटं केटल ग्रिल देऊ केलंय. बाल्कनीत ठेवून कणसं आणि पापलेट भाजता येतील का? पावसात खालच्या गराजमध्ये, दार उघडं ठेवून चालेल का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही नाही. इंटरनॅशनल फायर कोड अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी थोड्याफार बदलांनी स्वीकारलेला आहे. त्यात जळाऊ बांधकामाच्या बाल्कनीवर, किंवा अशा बांधकामापासून दहा फुटांच्या आत, कोळशाचं ग्रिल पेटवायला मनाई आहे. एक-दोन कुटुंबांची स्वतंत्र घरं आणि स्प्रिंकलर बसवलेल्या इमारती यांना सूट असते, पण तुमचा भाडेकरार आणि गावचं अग्निशमन खातं काय म्हणतं ते शेवटचं. खाली आणि डोक्यावर लाकूड असताना मी तर सूट असली तरी पेटवणार नाही.

गराजचं जास्त महत्त्वाचं. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. दार उघडं असलं तरी तो साठतो आणि वरच्या घरात शिरतो. जेवण झाल्यावर निखारे विझल्यासारखे दिसतात तेव्हाही तो निघतच असतो, म्हणून गरम ग्रिल रात्री आत ओढून ठेवणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत दोन दिवस ठेवून मगच कचऱ्यात टाका.

मैत्रिणीला ग्रिल तिच्या अंगणातच ठेवू दे म्हणावं आणि तुम्ही पापलेट घेऊन तिच्याकडे जा. नाहीतर बऱ्याच सार्वजनिक पार्कांत लोखंडी खांबावर बसवलेली कोळशाची ग्रिल्स असतात, घरून जाळी आणि कोळसे न्यायचे. कणीस सालासकट अर्धा तास पाण्यात भिजवून ठेवा, साल मागे सोलून भाजा, लिंबू-मीठ-तिखट लावा. पापलेट जाळीला चिकटतं ते जाळी गार असल्यामुळे. आधी जाळी चांगली तापवा, तेल माशाला लावा.

प्रश्न : मुलगा दुबईहून कायमचा परत आला, येताना त्यानं त्याचं केटल ग्रिल आणलं. आमचं कोथरूडला छोटं अंगण आहे. इस्त्रीवाल्याकडचा कोळसा चालेल का? आणि पावसाळ्यात ते गंजू नये म्हणून काय करू?
— एक आजोबा, पुणे

उत्तर : इस्त्रीवाल्याकडे बहुधा लाकडी कोळसा असतो, तो चालेल. तुकडा हातात घेऊन बघा: हलका हवा, मोडल्यावर लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत, दुसऱ्या तुकड्यावर आपटला की किणकिणला पाहिजे. दगडी कोळसा अजिबात नको, त्याच्या धुरात गंधक असतं. करवंटीचा कोळसा मिळाला तर उत्तम, आच तेज आणि धूर कमी. पेटवायला रॉकेल नको.

पावसाळ्याचं म्हणाल, तर पाण्यापेक्षा आत राहिलेली राख जास्त नुकसान करते. वरच्या उत्तरात राखेच्या खाराचं लिहिलंय ते तुम्हालाही लागू. मे महिन्याच्या शेवटी सगळी राख काढा, टोप धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. जाळ्यांना खाण्याच्या तेलाचा हात फिरवा. ग्रिल जिन्याखाली किंवा छपराखाली ठेवा, झाकण लावून, पण खालच्या-वरच्या झडपा उघड्या. प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळू नका. आत दमट हवा कोंडली की बुरशी येते आणि बोल्ट गंजतात. गणपतीत एकदा झाकण उघडून बघा. कोळ्यांनी झडपांत जाळी केलेली असते, ती काडीनं साफ करून ठेवा, नाहीतर दिवाळीत पेटवाल तेव्हा हवाच खेचली जाणार नाही.